योहान क्रायफ : टर्नच्या पलीकडे पोरांना काय शिकवायचं? (मुरमाच्या मैदानावरच्यांसाठी)

मुरूममैदान (परभणी)

शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की मैदानावर एकच खूळ दिसतं : मोबाइलवर पाहिलेला क्रायफ टर्न, म्हणजे डच फुटबॉलपटू योहान क्रायफची चेंडू पायामागून ओढून उलट वळायची युक्ती. पोरं कोपऱ्यात मारायलेत, मध्यात मारायलेत, स्वतःच्या गोलसमोरसुद्धा मारायलेत. टर्न उत्तमच आहे, पण क्रायफ म्हणजे तेवढाच असा समज पक्का होत चाललाय. तो मोडावा म्हणून हा धागा काढला.

माझं म्हणणं सरळ आहे. पेले, मॅराडोना यांच्याकडं होतं ते बघून थक्क व्हावं असं होतं. क्रायफनं मागं ठेवलं ते मात्र शिकवता येतं : चेंडू येण्याआधी बघणं, मोकळी जागा तयार करणं, त्रिकोणात उभं राहणं. त्याला हिरवळ लागत नाही. फक्की, चार मार्कर आणि नीट मोजलेली अंतरं लागतात.

जाणकारांनी मापासकट लिहावं. 'छोटा चौकोन घ्या' असं नको, किती मीटरचा ते सांगा. काय बिघडतं आणि का, तेही लिहा.

गोदाकाठ१४ (नांदेड)

आधी माणूस कोण ते थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

जन्म २५ एप्रिल १९४७, ॲम्स्टरडॅम. वडिलांचं भाजीपाल्याचं दुकान, घर आयाक्स क्लबच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. दहाव्या वाढदिवसाला क्लबच्या बाल संघात दाखल. १९५९ मध्ये वडील गेले आणि आई त्याच क्लबात साफसफाईचं काम करू लागली. पहिल्या संघाकडून पहिला सामना १५ नोव्हेंबर १९६४ ला. आयाक्स १-३ हरलं, तो एक गोल याचाच. दोन महिन्यांनी रिनस मिशेल्स प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढं ज्याला 'टोटल फुटबॉल' (खेळाडूंनी एकमेकांच्या जागा घेत खेळायची पद्धत) म्हणू लागले त्याची जडणघडण सुरू झाली.

युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) सलग तीनदा : १९७१, १९७२, १९७३. यातल्या १९७२ च्या अंतिम सामन्यात इंटर मिलानविरुद्धचे दोन्ही गोल क्रायफचे. बॅलन डी'ऑर (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) १९७१, १९७३ आणि १९७४. १९७३ ला बार्सिलोनात गेला. त्या क्लबानं १९६० नंतर लीग जिंकलेली नव्हती, ती पहिल्याच हंगामात जिंकली. त्याच हंगामात रिअल माद्रिदला त्यांच्याच मैदानात ०-५ नं हरवलं. देशाकडून ४८ सामने, ३३ गोल.

खेळाडू म्हणून शेवटचं वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८३ ला आयाक्सनं नवा करार दिला नाही, तर हा थेट कट्टर प्रतिस्पर्धी फेयेनूर्दकडं गेला. त्या हंगामात आयाक्सनं फेयेनूर्दला ८-२ हरवलं, तरी शेवटी लीग आणि कप दोन्ही फेयेनूर्दनं नेले. तेव्हा याचं वय ३७. पळण्याचा वेग उतरलेला, पण कुठं उभं राहायचं हे कळत होतं. आपल्या धाग्याचा विषय हाच आहे.

पीटीचे_सर

चांगला विषय. आमच्याकडं सातवी ते दहावीची पोरं आहेत. टर्नपासूनच सुरू करू या, कारण त्याशिवाय ती दुसरं काही ऐकायला तयार नाहीत. पाय नक्की कुठं टेकवायचा? बहुतेकांचा चेंडू टाचेला लागून थांबतो.

मधली_फळी (लातूर)

सर, टाचेला लागतो म्हणजे टेकवलेला पाय चेंडूच्या फार जवळ आहे किंवा फार मागं आहे. सविस्तर लिहितो.

मूळ प्रसंग : १९ जून १९७४, डॉर्टमुंड, विश्वचषकात नेदरलँड्स विरुद्ध स्वीडन. क्रायफ डाव्या बाजूला, पेनल्टी बॉक्सच्या जवळ, स्वीडनचा यान ओल्सन पाठीला चिकटलेला. क्रायफ उजव्या पायानं मध्यात चेंडू देणार असं दाखवतो. खांदा, डावा हात, नजर, सगळं शरीर तीच बतावणी करतं. ओल्सनचं वजन तिकडं गेलं की उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू टेकवलेल्या डाव्या पायाच्या मागून ओढतो आणि उलट दिशेला निघून जातो. सामना ०-० सुटला, त्या टर्नमधून गोलही झाला नाही.

आता पायऱ्या, उजव्या पायानं मारणाऱ्यासाठी :

डावा पाय चेंडूच्या बाजूला साधारण एक वीतभर ते फूटभर अंतरावर आणि चेंडूच्या किंचित *पुढं* टेकवायचा. पुढं टेकवला तरच त्याच्या मागून चेंडूला वाट मिळते. गुडघा वाकलेला हवा. उजवा पाय मागून पूर्ण आणायचा, जोरात क्रॉस मारताना येतो तसाच. इथं पोरं कंजुषी करतात. नुसतं पाऊल हलवलं तर डिफेंडर फसत नाही. पाऊल चेंडूवरून पुढं जातं, अंगठा आत वळतो, आणि पावलाच्या आतल्या बाजूनं चेंडू मागं ओढला जातो. ओढायचा म्हणजे लाथ मारायची नाही. डाव्या पायाच्या चवड्यावर शरीर डावीकडून फिरतं. मग पहिली दोन पावलं पूर्ण ताकदीनं. टर्नचा निम्मा फायदा या दोन पावलांत आहे. वळून उभं राहिलं की डिफेंडर परत आलाच समजा.

सराव असा घ्यावा. आधी चेंडू स्थिर ठेवून प्रत्येक पायानं १० वेळा, असे ३ फेरे. मग चालत, मग हळू पळत. त्यानंतर मागं एक डिफेंडर उभा करायचा, त्यानं चेंडू काढायचा नाही, फक्त सोबत सरकायचं. शेवटी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद पट्ट्यात एकास एक. एकूण १५ मिनिटं, त्याहून जास्त नको.

चुका नेहमी ठरावीकच असतात. चेंडू दोन पायांच्या मध्ये अडकतो, कारण टेकवलेला पाय मागं राहिला. चेंडू फार लांब जातो, कारण ओढण्याऐवजी मारला. तोल जातो, कारण गुडघा ताठ. आणि सगळ्यात मोठी चूक : डिफेंडर समोर उभा असताना टर्न मारणं. हा टर्न बाजूनं किंवा मागून चिकटलेल्या माणसासाठी आहे. समोरचा माणूस चेंडू ओढताना सरळ पाय घालून काढून घेतो. स्वतःच्या गोलपुढच्या ३० मीटरमध्ये तर अजिबात परवानगी देऊ नका.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

मधली_फळी दादांनी शरीर फिरवण्याचं लिहिलं त्यात एक भर. टेकवलेल्या पायावर शरीर वळतं तेव्हा पाऊलही मोकळं फिरलं पाहिजे. पाऊल जमिनीत अडकलं आणि वरचं शरीर फिरलं की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, सांध्याच्या आतल्या लिगामेंटला (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याला) इजा होते ती अशीच.

कोरड्या मुरमावर लांब स्टडचे बूट नकोतच. ते जमिनीत रुततही नाहीत आणि पूर्ण टेकतही नाहीत. पाऊल डगमगतं, घोटा मुरगळतो. छोट्या-छोट्या रबरी गुंड्यांचा तळ असलेले बूट घ्या, ते नसतील तर साधे कॅनव्हासचे चालतील. उलट पावसात काळी माती तळाला थापून बसते, बूट जड होतात आणि पाऊल वळत नाही. त्या दिवशी टर्नचा सराव बंद ठेवा, पासिंग घ्या.

टर्नच्या आधी घोटा आणि मांडीच्या आतल्या स्नायूंसाठी ८-१० मिनिटं द्या : बाजूला सरकत धावणं, एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, हळू उकिडवं बसून उठणं. उड्या मारून दोन्ही गुडघे वाकवत उतरणंही घ्या. मुलींच्या संघात तर हे रोज हवं, कारण त्यांच्यात या लिगामेंटच्या इजेचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं.

पीटीचे_सर

ताई, दादा, दोघांचेही आभार. आता खरी अडचण. एका तासिकेला ४५ लेकरं आणि चेंडू ४. यात रोन्दो (चौकोनातला पासिंगचा सराव) कसा बसवायचा?

मधली_फळी (लातूर)

बसतो सर. आधी मापं, मग तुमची विभागणी.

रोन्दो म्हणजे चौकोनाच्या कडेला उभे राहून पास देणारे जास्त आणि मध्ये चेंडू काढणारे कमी. सामन्यात गोलवर फटका मारणं सोडून जे जे होतं ते सगळं रोन्दोत आहे, असं क्रायफचं म्हणणं होतं.

१२ वर्षांपर्यंत : चारास एक, ८ × ८ मीटर. १३-१४ : चारास दोन, ९ × ९. १५ च्या पुढं : पाचास दोन, ९ × ९ किंवा १० × १०. ही हिरवळीवरची मापं आहेत. मुरमावर चेंडू खड्यावर उडतो, पहिला टच लांब जातो, म्हणून प्रत्येक बाजूला एक मीटर वाढवा. दोन टचमध्ये सलग १० पास सहज व्हायला लागले की एक मीटर कमी करा. एकदम एक टचवर नेऊ नका. पोरं घाईनं चेंडू ढकलू लागतात आणि बघायचं विसरतात.

बारकावे असे. खेळाडूनं चौकोनाच्या *कोपऱ्यात* उभं राहायचं नाही, बाजूच्या मधल्या भागात सरकत राहायचं. कोपऱ्यात उभ्या माणसाला पास देण्याच्या दोनच वाटा उरतात. शरीर चेंडूकडं पूर्ण वळलेलं नको, अर्धं उघडं हवं, म्हणजे पलीकडचा माणूसही दिसतो. चेंडू *लांबच्या* पायावर घ्यायचा, जवळच्या नाही. त्यामुळं पुढचा पास आपोआप दुसऱ्या दिशेला जातो. दोन डिफेंडरमध्ये फट पडली की पास तिथून घालायचा, तो सगळ्यात मोलाचा पास. मी त्याचे दोन गुण देतो.

डिफेंडरांनाही शिकवावं लागतं. दोघंही चेंडूमागं पळाले तर मधली फट कायम उघडी राहते. एकानं चेंडूवर जायचं, दुसऱ्यानं तिरकं मागं राहून फट झाकायची.

बघण्याचा सराव : सरांनी चौकोनाबाहेर एका मुलाच्या पाठीमागं उभं राहावं, हातात लाल आणि पिवळा असे दोन रुमाल. चेंडू त्या मुलाकडं निघाला की एक रुमाल वर करायचा. चेंडू पायाला लागायच्या *आत* त्यानं रंग ओरडून सांगायचा. सुरुवातीला चेंडू सुटतो, सुटू द्या. चार-सहा दिवसांत मान आपोआप फिरायला लागते. क्रायफला सगळं आधीच दिसायचं असं जे म्हणतात, त्याची सुरुवात या मान फिरवण्यात आहे.

आता ४५ पोरं. ४ चौकोन, प्रत्येकी ८ जण : सहा बाहेर, दोन आत, १२ × १२ मीटर. झाले ३२. उरलेले १३ एका बाजूला टर्नची पायउचल करतील, रबरी किंवा जुन्या टेनिस चेंडूवर; चेंडू नसेल तर नुसती हालचाल. दर ५ मिनिटांनी अदलाबदल. चौकोनांमध्ये किमान ४ मीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर शेजारचा चेंडू आणायला पोरं एकमेकांवर आदळतात.

गोदाकाठ१४ (नांदेड)

रोन्दो क्रायफनंच शोधला असं मात्र कुणी समजू नये. १९७० च्या दशकात बार्सिलोनाच्या युवा संघांत लाउरेआनो रुइझ हे प्रशिक्षक असं खेळवून घेत होते. क्रायफचं काम वेगळं : १९८८ ला तो तिथं मुख्य प्रशिक्षक झाला आणि रोन्दो हा सगळ्या क्लबाच्या सरावाचा कणा बनवला. खालपासून वरपर्यंत सर्व संघांनी एकाच पद्धतीनं खेळायचं, म्हणजे पंधरा वर्षांचा पोरगा वर गेला तरी त्याला जागा ओळखीची वाटावी.

पेप ग्वार्डिओला, पुढं नावाजलेला प्रशिक्षक झाला तो, हे त्याचं चांगलं उदाहरण. अंगानं किरकोळ, वेग नाही, धक्काबुक्कीत टिकणार नाही असा. क्रायफनं त्याला डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या संघात आणलं आणि बचावफळीच्या पुढं, मधोमध उभं केलं, कारण चेंडू येण्याआधी पास ठरलेला असायचा. आपल्याकडं निवड चाचणीत उंची आणि १०० मीटरची वेळ बघून पोरं बाद होतात, तेव्हा हे आठवावं. चाचणीत १० मिनिटांचा रोन्दो ठेवला तरी चित्र बदलेल.

चारमिनार_ते_हिंगोली

थोडं आपल्या मुलखाचंही सांगतो, कारण १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक, यांनी क्रायफ पोरवयात होता तेव्हाच एक टचचा आग्रह धरला होता. ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा, फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा, असे प्रकार त्यांनी भरवले. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप ही मुंबईतली जुनी स्पर्धा जिंकली. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९५१ व १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळालं.

पीटीच्या सरांनी आठवड्यातून एक दिवस कमजोर पायाचा रोन्दो ठेवावा. चौकोन दोन मीटरनं मोठा करा, बाकी नियम तेच. ड्रिब्लिंग बंदीचा खेळही सोपा आहे : सहास सहा, तीनच टच, चौथा झाला की चेंडू विरुद्ध संघाला.

मुरूममैदान (परभणी)

रहीमसाहेबांचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं.

आता जागांबद्दल. १९७४ च्या अंतिम सामन्याचं पहिलं मिनिट पोरांना दाखवावं. ७ जुलै, म्युनिक, समोर पश्चिम जर्मनी. नेदरलँड्स सुरुवात करतं आणि आपसात पास देत राहतं. क्रायफ आघाडीचा खेळाडू, पण तो मागं येतो, इतका मागं की संघातला सगळ्यात शेवटचा माणूस तोच. त्याच्यावर नेमलेला फोख्ट्स मागोमाग ओढला जातो. मधल्या वर्तुळाजवळ क्रायफ चेंडू घेतो, एकदम वेग वाढवतो, फोख्ट्स मागं पडतो, बॉक्समध्ये जर्मनीचा होनेस त्याला पाडतो. पेनल्टी, नीस्केन्सचा गोल. जर्मनीच्या एकाही खेळाडूचा तोवर चेंडूला पाय लागलेला नाही.

पोरांना विचारा : क्रायफ मागं आला म्हणून पुढं काय झालं? जागा मोकळी झाली. चेंडूकडं धावणारा आपला सेंटर फॉरवर्ड नेमकी ती जागा भरून टाकतो.

सामना नेदरलँड्स २-१ हरलं, हेही सांगावं. एका गोलच्या आघाडीवर त्यांनी चेंडू फिरवत ठेवला, दुसरा गोल मारला नाही. ब्राइटनरनं पेनल्टीवर बरोबरी केली, मध्यंतराच्या आत म्युलरचा गोल. चेंडू ताब्यात ठेवणं हा हेतू नाही, ते साधन आहे, हे इथं दिसतं.

सातजणांच्या सामन्यासाठी मी २-३-१ सुचवेन : गोलकीपर, दोन मागं, मध्ये तीन, पुढं एक. मधल्या तिघांतला मधला थोडा मागं राहतो, बाजूचे दोघं रेषेला चिकटून. 'रेषेला चिकटून' म्हणजे खरोखर बुटाला फक्की लागली पाहिजे. ते आत आले की मैदान अरुंद होतं आणि सगळं त्रिकूट कोलमडतं. चेंडूवाल्याला कायम दोन वाटा दिसल्या पाहिजेत : एक जवळची, एक तिरकी पुढची. अंतर १० ते १२ मीटर. मुरमावर २० मीटरचा जमिनीलगतचा पास उडत-उडत पोचतो आणि घेणाऱ्याचा वेळ खातो.

अकराजणांत क्रायफचं ३-४-३ करायचा मोह होतो. मध्ये चौघं हिऱ्याच्या आकारात, पुढं दोन विंग, एक मधोमध. त्याच्या बार्सिलोनानं याच विचारावर १९९१ ते १९९४ सलग चार लीग जिंकल्या. १९९२ ला वेम्बलीवर साम्पदोरियाला १-० हरवून क्लबाचा पहिला युरोपियन कपही आणला; जादा वेळेत कूमानची फ्री किक. पण १९९४ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात एसी मिलाननं ४-० नं धुतलं. तिघांच्या मागं मोठी मोकळी जागा असते. चेंडू गमावल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत दाब टाकता आला नाही की लांब फटका सरळ त्या जागेत जातो. शालेय संघानं ४-३-३ च खेळावं आणि मधल्या दोन बचावपटूंपैकी एकाला चेंडू असताना पुढं सरकू द्यावं. तेवढं पुरतं.

पीटीचे_सर

गोलकीपरचं काय? आमचा कीपर रोन्दोच्या वेळी निस्ता गोलखांबाला टेकून उभा असतो.

मधली_फळी (लातूर)

त्यालाही रोन्दोत घ्या, रोज. क्रायफच्या मते कीपर हा पहिला आघाडीचा खेळाडू. १९७४ च्या डच संघात योंगब्लूटला घेतलं ते पायानं खेळता येतं आणि गोल सोडून पुढं येतो म्हणून. गंमत म्हणजे आकडे आडनावांच्या क्रमानं दिल्यामुळं त्याच्या पाठीवर ८ होता. क्रायफनं मात्र आपला १४ राखला.

कीपरला दोन गोष्टी शिकवा. आपला संघ चेंडू घेऊन मधल्या रेषेपलीकडं गेला की यानं गोलपासून १२ ते १५ मीटर पुढं यावं. आणि मागं आलेला पास गोलच्या *बाहेरच्या* रेषेत घ्यावा, खांबांच्या मध्ये उभं राहून नाही. हुकला तरी गोल होत नाही. मुरमावर हे फार लागू आहे, कारण शेवटच्या क्षणी चेंडू उसळतो.

वापसा (बीड)

सगळ्यांनी चेंडू उसळतो, उसळतो म्हटलंय. मैदानच नीट करा की.

काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरू नका. उन्हाळ्यात खालच्या भेगा वरपर्यंत येतात. आधी वरची माती कुदळून एकसारखी करा, मग चाळलेला मुरूम १० सेंटिमीटर जाडीनं टाका. बोटाच्या पेरापेक्षा मोठा खडा बाहेर काढा. मध्यापासून कडेकडं उतार द्या, १०० ला १ पुरे. रोलर कधी? पाणी मारल्या मारल्या नाही, चिखल रोलरला चिकटून वर येतो. पाणी मारून वापसा येऊ द्या, मूठभर मुरूम दाबला तर गोळा व्हावा पण हाताला ओल लागू नये, तेव्हा फिरवा. उन्हाळ्यात सरावाच्या आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारलं तर सकाळी धूळ बसलेली असते.

चेंडूत हवाही कमी ठेवा. नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर चालते. टणक जमिनीवर खालच्या टोकाला राहा. ठणठणीत भरलेला चेंडू मुरमावर कमरेएवढा उडतो आणि शिवणही लवकर उसवते.

पूर्ण मैदान जमत नसेल तर क्रायफच्या संस्थेची छोटी मैदानं बघा. १९९७ ला त्यानं मुलांसाठी फाउंडेशन काढलं, त्यातून अनेक देशांत 'क्रायफ कोर्ट' झाली. माप ४२ × २८ मीटर, सहास सहा खेळतात. एवढी जागा बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत निघते. आखताना चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोका आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५० मीटर ४८ सेंटिमीटर भरले की काटकोन बरोबर. कर्ण न मोजता आखलं की मैदान तिरकं होतं आणि एका बाजूच्या पोराला जागा कमी पडते. २० किलोची फक्कीची गोणी पुरून उरते. फक्कीच घ्या, कळीचा चुना नको. डोळ्यात गेला तर इजा होते.

गोल ३ × २ मीटरचे, लोखंडी पाइपचे. पण मागचा पाया जमिनीत पक्का करा किंवा त्यावर वाळूची पोती टाका. मोकळ्या गोलला पोरं लोंबकळतात आणि तो अंगावर पडून जीव गेल्याच्या घटना जगभर झाल्यात. यात हयगय नको.

टचलाइन_जालना

दोघांची पेनल्टी नियमात बसते का? पोरं विचारायलीत.

गोदाकाठ१४ (नांदेड)

बसते. ५ डिसेंबर १९८२, आयाक्स विरुद्ध हेल्मंड स्पोर्ट : क्रायफनं पेनल्टी न मारता बाजूला यस्पर ओल्सन या साथीदाराला पास दिला, कीपर त्याच्याकडं धावला, ओल्सननं परत दिला, क्रायफनं रिकाम्या गोलात घातला.

अटी : पहिला पास *पुढच्या* दिशेनंच हवा, थोडा का होईना. साथीदार लाथ बसेपर्यंत बॉक्सबाहेर आणि चेंडूच्या मागं. परतीचा पास देताना पहिला खेळाडू चेंडूच्या पुढं असला तर ऑफसाइड, कारण समोर एकटा कीपर उरलेला असतो. शालेय सामन्यात साथीदार अर्धं पाऊल आधी निघतो आणि गोल टिकत नाही. म्हणून माझा सल्ला : सरावात करा, सामन्यात नको.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

क्रायफच्या आयुष्यातली एक गोष्ट पोरांना स्पष्ट सांगा. तो खेळत असतानाही भरपूर सिगारेट ओढायचा. १९९१ मध्ये, प्रशिक्षक असताना, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर सोडली, डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या प्रशिक्षकाच्या बाकावर) तोंडात लॉलीपॉप दिसू लागला, आणि कॅटलोनियाच्या आरोग्य खात्याच्या तंबाखूविरोधी जाहिरातीतही त्यानं काम केलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला, २४ मार्च २०१६ ला बार्सिलोनात गेला. वय ६८.

आपल्या मैदानांवर सिगारेटपेक्षा गुटखा आणि मळलेली तंबाखू जास्त. पळताना दम लवकर लागतो, नाडी आधीच वाढलेली असते, आणि काही वर्षांत तोंड पूर्ण उघडत नाही. तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे दर महिन्याला बघा. जात नसतील तर दंतवैद्याकडं लगेच पाठवा.

आणि ऊन. मार्च ते जून सराव सकाळी ६ ते ७.३० मध्येच उरका. दर १५ मिनिटांनी पाणी. एक लिटर पाण्यात ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. घाम थांबला किंवा पोरगं बरळायला लागलं तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि गाडी बोलवा.

पीटीचे_सर

शेवटची शंका. बारा वर्षांखालच्यांना मोठाच चेंडू द्यावा लागतो, दुसरा नाही. चालेल का? आणि आठवडा कसा लावू?

मधली_फळी (लातूर)

शक्यतो नको सर. त्या वयाला ४ नंबरचा चेंडू, परिघ ६३.५ ते ६६ सेंटिमीटर. ५ नंबरचा ६८ ते ७० चा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. लहान पोरगं तो ओढू शकत नाही, मग टर्नमध्ये पायाच्या टोकानं ढकलतं आणि तीच सवय लागते. चारपैकी पुढच्या खरेदीला दोन तरी ४ नंबरचे मागवा. तोवर ५ नंबरमध्ये हवा कमी करून टर्न स्थिर चेंडूवरच ठेवा.

आठवडा : सोमवारी आणि गुरुवारी रोन्दो २० मिनिटं, त्यातली ५ रुमालाची. मंगळवारी टर्न १५ मिनिटं आणि एकास एक. बुधवारी कमजोर पाय. शुक्रवारी ४२ × २८ वर सहास सहा, ७-७ मिनिटांचे सामने, विंगवाल्यांनी रेषा सोडली की चेंडू विरुद्ध संघाला. शनिवारी सकाळची शाळा असेल तर मैदानाची खडेवेचणी, सगळ्या पोरांकडून, अर्धा तास. तेवढ्यानं सोमवारचा चेंडू सरळ धावतो.